बाहुल्यात भूतच का?

मराठी चित्रपटात आजवर एकच खेळणे असे जिवंत झाले, की ते दोन पिढ्यांच्या लक्षात राहिले. आणि ते खुनी निघाले. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा गुंड मरतेवेळी मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या हाती पडतो. अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या चित्रपटाशी असलेले या कथेचे नाते उघड आहे. समीक्षेने 'झपाटलेला'कडे धंदेवाईक करमणूक म्हणून पाहिले आणि सोडून दिले. मुलांनी मात्र तो सोडला नाही. चित्रपट त्यांच्यासाठी काढलेला नसला तरी त्यांनी तो घाबरत घाबरत आपलासा केला. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' त्रिमितीत निघाला तो याच जुन्या ओळखीच्या भरवशावर.

धंदेवाईक म्हणून जे बाजूला सारले जाते त्यात पुष्कळदा संस्कृतीची अडचण अधिक स्पष्ट दिसते. येथे अडचण अशी आहे : मराठी चित्रपटाला खेळणे हलवायचे झाले तर त्यात मेलेल्या माणसाचा आत्मा का घालावा लागतो? खेळणे नुसतेच, कोणत्याही कारणाशिवाय, गंमत म्हणून का हलत नाही? हा प्रश्न तंत्राचा नाही. बाहुला हलवण्याचे तंत्र रामदास पाध्ये यांच्या हातात होतेच, आणि तात्या विंचूचा बाहुला त्यांनीच घडवला होता. पैशाचाही नाही, बाहुल्यात भूत घातल्याने निर्मितीचा खर्च कमी होत नाही. प्रश्न अद्भुताविषयीच्या मराठी धारणेचा आहे, आणि त्या धारणेची जबाबदारी निर्मात्यांइतकीच, किंबहुना अधिक, मराठी समीक्षेवर येते.

तुलनेसाठी एक परकीय चित्रपट समोर ठेवता येईल. झॅक हेल्म यांचा 'मिस्टर मॅगोरियम्स वंडर एम्पोरियम' २००७ साली आला. २४३ वर्षे वयाचा एक लहरी म्हातारा (डस्टिन हॉफमन) जादूच्या खेळण्यांचे दुकान चालवतो. तेथील खेळणी हलतात, बोलतात, ग्राहकाला अडवतात. दुकान स्वतःच रुसते आणि रुसले की त्याच्या भिंती करड्या पडू लागतात. चित्रपट महान नाही. त्याची रचना सैल आहे, आणि पुढे येईल त्याप्रमाणे त्याचा शेवट तर त्याच्याच गाभ्याशी प्रतारणा करतो. पण एक गोष्ट तो अगदी सहज करतो. खेळणी का हलतात, हे तो सांगत नाही. कोणी शाप दिलेला नाही, कोणी तप केलेले नाही, कोणाचा आत्मा अडकलेला नाही. दुकानात हिशेब तपासायला आलेला हिशेबनीस एवढाच काय तो कारण विचारणारा आहे, आणि संपूर्ण कथेत शिकायचे असते ते त्याला. मुलाला काही शिकवण्याची गरज चित्रपटाला वाटत नाही. ते आधीच शहाणे आहे. (मराठी समीक्षकाला हा हिशेबनीस सख्ख्या भावासारखा वाटायला हरकत नाही.)

असा चित्रपट मराठीत का होत नाही, याचे ठरीव उत्तर असे की ही पाश्चात्त्य गोष्ट आहे, आपली परंपरा वेगळी आहे. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी परंपरा एकदा उघडून पाहावी. नाट्यशास्त्राने अद्भुताला स्वतंत्र रसाचा दर्जा दिला, विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला, आणि त्याची कारणे मोजताना दिव्य व्यक्तींच्या दर्शनाबरोबरच मनातली इच्छा पुरी होणे, उपवनात किंवा देवळात जाणे, माया आणि इंद्रजाल हीही एकाच दमात सांगितली. इतकेच नव्हे, तर भरताने अद्भुताचे दोन प्रकार केले : दिव्य आणि आनंदज. एक देवाच्या सामर्थ्यातून येणारा, दुसरा निव्वळ हर्षातून येणारा. या दुसऱ्या प्रकाराला कोणाची परवानगी लागत नाही. जादूच्या खेळण्यांचे दुकान हे आनंदज अद्भुताचे क्षेत्र आहे, आणि ते परके ठरवायचे तर भरतालाही परका ठरवावे लागेल.

मराठी चित्रपटाने दिव्य अद्भुत घेतले आणि आनंदज टाकून दिले. याचा सर्वांत भव्य पुरावा पुण्यातच आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. दामले–फत्तेलाल यांनी येथे 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) केले. पहिल्यात वैकुंठाचे विमान उतरले, दुसऱ्यात दगडमातीची भिंत चालली. जगातील कोणत्याही स्टुडिओने अभिमान बाळगावा अशी ही कामगिरी होती, आणि चमत्कारदृश्यांच्या छायाचित्रणात प्रभातची जी पत निर्माण झाली ती सार्थच होती. परंतु ज्या कारागिरांनी भिंत चालवली त्यांना लाकडी घोडा चालवणे काय अवघड होते? त्यांनी तो चालवला नाही, कारण तसे कोणी मागितले नाही. संताच्या चरित्रात निर्जीव वस्तू हलली तर ती भक्तीची साक्ष ठरते. तीच वस्तू मुलाच्या खोलीत हलली असती तर तिला कोणते नाव द्यावे हे प्रेक्षकाला कळले नसते, आणि परीक्षणकर्त्याला तर नाहीच नाही.

अशा रीतीने वस्तूने हलण्याचे दोन परवाने मराठी चित्रपटात रूढ झाले. एक देवाचा, दुसरा भुताचा. 'झपाटलेला' या दृष्टीने फार प्रामाणिक चित्रपट आहे. त्याने दोन्ही परवाने एकदम काढून ठेवले. बाहुल्यात शिरणारा आत्मा मेलेल्या गुंडाचा, आणि त्याला मंत्र देणारा बाबा चमत्कार. पात्राच्या नावातच व्यवस्थेने स्वतःचे नाव सांगून टाकले आहे. बाहुला आपल्या आनंदाने उठून बसू शकत नाही. त्याला आधी एका बाबाची दीक्षा लागते आणि मग एका प्रेताची.

या ठिकाणी फ्रॉइडच्या १९१९ मधील अनोळखी भयावरील निबंधाचे स्मरण करणे उपयोगी ठरेल. ई. टी. ए. हॉफमनच्या वाळूवाल्या माणसाच्या कथेतील ऑलिंपिया ही चालतीबोलती बाहुली. निर्जीव वस्तू सजीव भासली की भय निर्माण होते, असा येंच या मानसशास्त्रज्ञाने काढलेला निष्कर्ष फ्रॉइडला पटला नाही. त्याचे म्हणणे असे की मुलाला आपली बाहुली जिवंत होण्याचे भय नसते. मुलाला उलट तेच हवे असते. फ्रॉइड हा काही बालसाहित्याचा कैवारी नव्हे, आणि हा मुद्दाही तो जाता जाता सांगून पुढे जातो. पण त्याने जी रेघ ओढली ती मराठी चित्रपटाला नेमकी लागू पडते. जिवंत बाहुलीचे भय मोठ्यांचे आहे, जिवंत बाहुलीची इच्छा मुलाची. 'झपाटलेला'ने मोठ्यांचे भय मुलांना दिले आणि मुलांनी, दुसरे काही मिळत नसल्याने, त्या भयातून आपली इच्छा चाळून घेतली. तात्या विंचू लाडका झाला तो खुनी असूनही, कारण तो निदान हलत तरी होता.

आता दुसऱ्या बाजूला वळले पाहिजे, कारण मराठीत मुलांचे चित्रपट नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. मराठीने मुलांविषयी काही अव्वल चित्रपट दिले आहेत. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढे 'श्वास' (२००४), 'टिंग्या' (२००८), 'फँड्री' (२०१३), 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) अशी परंपरा सांगता येते. यांतील एकाचेही मोल कमी करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या चित्रपटांपासून समीक्षेने जो दंडक तयार केला त्यावर. मुलाचे डोळे जाणार, मुलाचा बैल विकला जाणार, मुलाची सायकल जाणार : मूल काहीतरी गमावत असेल तरच तो चित्रपट गंभीर, असे या दंडकाचे स्वरूप आहे. मूल काही मिळवत असेल, आणि तेही अकारण, तर तो चित्रपट 'हलकाफुलका', 'सुट्टीतला', 'बच्चेकंपनीसाठी'. ही विशेषणे वर्तमानपत्री परीक्षणातून सुटून गंभीर नियतकालिकांतही येऊन बसली आहेत.

दंडक नवा नाही. साने गुरुजींच्या श्यामच्या कथेत पोहणे ही मुलाच्या दृष्टीने खेळण्याची गोष्ट आहे. पण श्याम घाबरून पोहायला जात नाही तेव्हा आई त्याला फटके मारून पाठवते आणि पाणी, विहीर, उडी हे सर्व धैर्याच्या धड्यात रूपांतरित होते. त्या पुस्तकाच्या मर्यादेत हे रूपांतर अपरिहार्य आणि प्रत्ययकारी आहे. मात्र त्या एका पुस्तकाच्या पुण्याईवर संपूर्ण बालवाङ्मयाला 'संस्कार' या एकाच खात्यात टाकले गेले. २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणताना सुजय डहाके यांनी तो कृष्णधवल ठेवला. दिग्दर्शकाची कलात्मक कारणे मान्य केली तरी हा योगायोग सूचक म्हणावा लागेल : अमेरिकी दुकान दुःखाने करडे पडते तेव्हा ते आजारी आहे असे समजतात.

तिसऱ्या-चौथ्या दशकापासून मराठी समीक्षेला ज्या कलावाद–जीवनवादाच्या वादाने व्यापले, त्या वादात मुलाला कोणीच जागा दिली नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. जीवनवाद्यांना मूल म्हणजे उद्याचा नागरिक वाटले, म्हणून त्याला बोध हवा. कलावाद्यांनी बोधाला हाकलले खरे, पण त्यांची निर्हेतुकता प्रौढ रसिकासाठी राखीव होती. मर्ढेकरांच्या लयविचाराने भारावलेल्यांना बोधाचे ओझे नसलेली, केवळ ध्वनी आणि आकृती यांच्यावर तोललेली रचना हवी होती, तर ती त्यांना विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) किंवा 'एटू लोकांचा देश' (१९६३) मध्ये हाताशी होती. 'स्वेदगंगा'वर आणि 'मृद्‌गंध'वर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही एटूंवर गांभीर्याने लिहिले गेले नाही. बंगालीत सुकुमार राय यांचे 'आबोल ताबोल' (१९२३) हे भाषेच्या मुख्य काव्यपरंपरेत मानाने बसते, आणि त्याच घरातील उपेंद्रकिशोरांच्या कथेवरून सत्यजित राय 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९) करतात तेव्हा बंगाली समीक्षेला तो 'पथेर पांचाली'च्या दिग्दर्शकाने केलेला विरंगुळा वाटत नाही. चित्रपटाची कल्पनाशक्ती भाषेच्या कल्पनाशक्तीवर वाढते. मराठीत भाषेने एटू दिले. त्यांना पडद्यापर्यंत नेणारा रस्ता समीक्षेने बांधला नाही.

विंदांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. मॅगोरियम आपल्या मृत्यूची गोष्ट सांगताना 'किंग लिअर'चा दाखला देतो : एवढ्या प्रचंड नाटकाच्या शेवटी शेक्सपिअरने नायकाच्या मरणासाठी केवढी लहान रंगसूचना लिहिली, याकडे तो लक्ष वेधतो. खेळण्यांच्या दुकानात लिअर येतो आणि दुकानाचा तोल जात नाही. मराठीत हे दोन्ही एकाच हाताने लिहिले आहे. 'राजा लिअर' (१९७४) करणारा कवी आणि एटूंचा देश सांगणारा कवी एकच आहे. मराठी समीक्षा मात्र त्यांना दोन स्वतंत्र कपाटांत ठेवते, आणि एटूंच्या कपाटाला कुलूपही लावत नाही, कारण तेथून चोरीला जाण्यासारखे काही आहे असे तिला वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सर्वांत बळकट आहे. जादूचे खेळणे, लहरी दुकानदार, निर्हेतुक गंमत या सगळ्या पेठांतल्या पांढरपेशा मुलांच्या गरजा आहेत. ज्याला खेळणेच मिळाले नाही त्याला खेळणे जिवंत होण्याशी काय कर्तव्य? ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठी वास्तवाचे जे भान आणले त्यापुढे असल्या अद्भुताची मागणी म्हणजे पलायन होय. आक्षेपामागील नैतिक आच खरी आहे. निष्कर्ष खोटा आहे. अद्भुत ही सुस्थितांची मालमत्ता असती तर लोककथा आणि व्रतकहाण्या वाड्यांतून उपजल्या असत्या; त्या उपजल्या जात्यावर, शेतावर, अंगणात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचा लाकडी बैल ओढत दारोदार जातात, त्या बैलाला ओवाळले जाते आणि मुलाच्या हातावर खाऊ-पैसे ठेवले जातात. तो बैल देव असत नाही आणि त्याला भुतानेही धरलेले नसते. एका दिवसापुरता तो खरा बैल असतो, एवढेच. सगळ्या गावाने मिळून पाळलेला असा करार जेथे आहे तेथे आनंदज अद्भुत आयात करावे लागत नाही.

आणि ज्या चित्रपटाचा आधार घेऊन हा आक्षेप घेतला जाण्याचा संभव अधिक, त्या 'फँड्री'कडे नीट पाहिले तर काय दिसते? नागराज मंजुळे यांचा जब्या रानोमाळ हिंडतो तो काळ्या चिमणीसाठी. तिची राख जिच्यावर टाकावी ती मुलगी वश होते, असे त्याला सांगणारा चंक्या हा सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारा एक विक्षिप्त माणूस आहे. मराठी चित्रपटात जादूच्या दुकानाच्या सर्वांत जवळ जाणारे काही असेल तर ते चंक्याचे हे दुकान होय. जातिव्यवस्थेने चिरडलेल्या मुलाला अद्भुत नको असते, हे मत ज्यांनी तयार केले त्यांनी जब्याला विचारले नाही. त्याची दुसरी कुठलीही इच्छा पुरी होण्याची शक्यता त्या गावाने ठेवलेली नाही, म्हणून तर तो चिमणीच्या मागे आहे. अखेरचा दगड इतका लागतो तोही या चिमणीमुळे. समीक्षेने दगडावर पानेच्या पाने लिहिली. चिमणीला प्रतीक ठरवून मोकळी झाली. प्रतीक हा शब्द मराठी समीक्षेत अद्भुताला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला जातो. चिमणी ही कशाची तरी प्रतीक असली की ती चिमणी असण्याची जोखीम उरत नाही.

'एलिझाबेथ एकादशी'चीही तीच कथा. वडिलांनी बनवलेली, नाव ठेवलेली, घरातल्या माणसासारखी वागवली जाणारी सायकल ही आधीच अर्धी जिवंत आहे. ती वाचवण्यासाठी पंढरपूरच्या यात्रेत मुले बांगड्यांचे दुकान मांडतात. दुकान, मुले, जीव असलेली वस्तू : तिन्ही गोष्टी एका चौकटीत आल्या. परेश मोकाशी यांनी त्यांतून फार मनोज्ञ चित्रपट केला आणि वास्तवाची मर्यादा डोळसपणे पाळली. तो त्यांचा अधिकार. पण ती मर्यादा ओलांडून सायकल स्वतःहून दोन वळणे पुढे गेली असती तर हाच चित्रपट तेवढ्याच आदराने वाचला गेला असता काय?

मुलांचा आवडता नायक पडद्यावर आणताना हाच संकोच दुसऱ्या रूपाने दिसतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा शाळकरी मुलगा. २०१७ मध्ये तो चित्रपटात आला तो तरुण होऊन, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार उघड करण्यासाठी. चित्रपट चटपटीत आहे, पुणे त्यात चांगले दिसते. पण पडद्यावर जागा मिळवण्यासाठी बालनायकाला आधी वयात यावे लागते आणि सामाजिक प्रश्न हाती घ्यावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले.

या सगळ्याच्या उलट रंगभूमीची कथा आहे, आणि तीच या युक्तिवादाचा खरा आधार आहे. सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' १९५९ मध्ये रंगमंचावर आणले तेव्हापासून मराठी बालनाट्यात चेटकिणी, राक्षस, बोलणारे प्राणी बिनदिक्कत वावरत आले. मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा व्यावसायिक मंचावर आले आणि मुलांनी नाट्यगृहे भरली. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला पिढ्यान्‌पिढ्या लोकांशी हुज्जत घालत आला. त्याच्यात कोणाचा आत्मा आहे, असे कोणा मुलाने विचारले नाही. शब्दभ्रमकार शेजारी बसलेला दिसतो, बोलतो तो कोण हे माहीत असते, तरी मूल उत्तर देते ते बाहुल्यालाच. त्याच घराण्यातल्या रामदास पाध्ये यांनी चित्रपटासाठी बाहुला केला तेव्हा मात्र त्यात भूत भरावे लागले. एकाच कारागिरीचे मंचावर एक आणि पडद्यावर दुसरे नशीब का व्हावे? छायाचित्र हे वास्तवाचा पुरावा असते, ही समजूत येथे आड येते. मंचावर सर्वांनी मिळून मान्य केलेली लबाडी असते; पडद्यावर जे दिसते त्याचे कारण द्यावे लागते, असे धरून चालले जाते. दिव्य आणि भूतबाधा ही दोन तयार कारणे आहेत. आनंद हे कारण म्हणून चालत नाही.

पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमांतून ज्यांची जडणघडण झाली त्या सई परांजपे यांनी बालचित्र समितीसाठी 'जादू का शंख' (१९७४) केला तो हिंदीत. मराठी बालनाट्य लिहिणाऱ्या लेखिकेला जादू चित्रित करायला दुसरी भाषा आणि सरकारी संस्था लागली. ती संस्थाही आता स्वतंत्र राहिलेली नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समितीच्या कारभाराविषयी तक्रारींना तोटा नव्हता. तरीही नफ्याची अट न घालता मुलासाठी चित्रपट काढणारे एक दार तेवढे होते, आणि ते बंद होताना मराठी साहित्यव्यवहारात हुंदकाही ऐकू आला नाही.

मग मराठीने मॅगोरियमचे दुकान जसेच्या तसे उचलावे काय? मुळीच नाही. त्या चित्रपटाची फसगत अशी की अखेरीस जादूचे कारण तो सांगूनच टाकतो : नायिकेने स्वतःवर विश्वास ठेवला की दुकान पुन्हा रंगीत होते. आनंदज अद्भुत घसरून आत्मविश्वासाच्या शिकवणीत पडते. आपल्याकडील 'संस्कार' आणि तिकडील 'स्वतःवर विश्वास' या दोन जुळ्या बहिणी आहेत. दोघींनाही खेळणे खेळणे राहिलेले खपत नाही. शिवाय ते दुकान आहे, तेथे जादूला किंमत लावलेली आहे आणि कथेचा पेच मालकी कोणाकडे जावी हा आहे. बाजारपेठेने मुलाच्या इच्छेला दिलेले ते गोड रूप होय, हे विसरता येत नाही.

पुण्याला स्वतःचे दुकान आहे. अठराव्या शतकातले राममंदिर मधोमध, आणि भोवती तुळशीबागेच्या बोळांतून भातुकलीची बोळकी, लाकडी ठकी, जाती, पाटा-वरवंटा, पितळेचे चिमुकले बंब. भरताने अद्भुताची कारणे म्हणून उपवन आणि देऊळ सांगितले. येथे बागेचे नाव आहे, देऊळ आहे आणि त्याला लागून खेळणी आहेत. दिव्य आणि आनंदज यांच्यात पाच पावलांचे अंतर आहे. बार्थने १९५० च्या दशकात फ्रेंच खेळण्यांवर जो आरोप केला, की ती मुलाला मोठ्यांच्या जगाची तालीम देतात, तो भातुकलीवर अधिकच लागू होतो. मुलीला चूल चिमुकल्या आकारात लवकर दिली जाते. आरोप खरा असूनही मुलगी त्या चुलीवर काय शिजवते हे मोठ्यांच्या हाती राहत नाही. तेथे माती शिजते, पाने शिजतात, बाहुलीचे लग्न मोडते आणि लगेच पुन्हा लागते. या बोळांत शिरलेला कॅमेरा आजवर बहुधा खरेदीला आलेल्या बायकांची गर्दी टिपून परत फिरला. बोदलेअरने १८५३ मध्ये लिहिले होते, की मूल खेळणे मोडते ते त्यातला आत्मा शोधण्यासाठी. आत्मा सापडत नाही, आणि तेथून मुलाची खिन्नता सुरू होते. तात्या विंचूचा बाहुला मोडला तर आत्मा सापडतो, हेच त्याचे दारिद्र्य.

पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातील आयुकामध्ये, अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची वॉल्व्हट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून दाखवली, आणि खेळणे मोडण्याचा मुलाचा हक्क जाहीरपणे मान्य केला. त्या खेळण्यांना विज्ञान शिकवायचे असते, हे खरे. पण कचऱ्यातून उठलेली वस्तू पहिल्यांदा उडी मारते तेव्हाचा जो क्षण असतो त्यात अजून विज्ञान आलेले नसते. तो क्षण चित्रपटाचा आहे, आणि त्यासाठी पेठेतला पैसाही लागत नाही, अमेरिकेचा तर नाहीच.

प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मधील ती भिंत आता पुन्हा पाहावी. जेथे ती चालली त्या आवारात १९६० पासून चित्रपट शिकवला जातो. वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन येणाऱ्या चांगदेवाला सामोरी जाणारी भिंत ही योगसामर्थ्याचा गर्व हरण करणारी, म्हणून दिव्य. आजवरचे सारे विवेचन ज्ञानदेवाच्या आणि चांगदेवाच्या बाजूने झाले. पण कथेप्रमाणे त्या भिंतीवर भावंडे बसलेली आहेत, आणि त्यांत मुक्ताबाई सर्वांत धाकटी आहे. सकाळी भावांबरोबर ज्या भिंतीवर ती उन्हाला बसली होती ती भिंत चालू लागली आहे. चांगदेव समोरून येतो आहे याची तिला कितपत पर्वा असेल?